कुंदानं लिहून दिलेली यादी

पुसदहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक डाळ मिल आहे. तिथल्या निवडणीच्या हॉलमध्ये कुंदा एकोणीस वर्षं होती, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं ती तिथली मुकादम होती. तिच्या हाताखाली चौदा बाया. भरडून आलेली तुरीची डाळ पट्ट्यावरून सरकत यायची आणि बाया दोन्ही बाजूंनी बसून तिच्यातले खडे, डागी दाणे, टरफल न निघालेले दाणे वेचून काढायच्या. काम दिसायला सोपं होतं. पण आठ तास सरकत्या पिवळ्या डाळीकडे पाहत बसलं की संध्याकाळी घरच्या भिंतीसुद्धा सरकताना दिसतात, असं त्या बाया म्हणायच्या.

कुंदा कडक होती, पण तिचा कडकपणा बायांना चालायचा. कोणाची पोरगी बाळंतपणाला आली आहे, कोणाच्या नवऱ्याचं पिणं पुन्हा सुरू झालंय, कोणाला दुपारनंतर बसवत नाही, हे सगळं तिच्याजवळ असायचं आणि तिच्यापाशीच राहायचं. मालक भगवानरावांनी कधी विचारलंच, की आज ती बाई हळू काहून आहे, तर कुंदा म्हणायची, "तिचं काम होईन, मी पाहतो. तुम्ही नका इचारू." भगवानराव विचारायचे नाहीत. सात वर्षांपूर्वी सुपं जाऊन पट्टा आला, तेव्हा ते स्वतः आठ दिवस बायांच्या रांगेत पाटावर बसले होते. "मले जमते का ते पाहून राह्यलो," म्हणायचे. त्यांना काही जमलं नाही. बाया हसून हसून दमल्या आणि नवव्या दिवशी पट्टा आपला वाटायला लागला.

मागच्या वर्षी भगवानरावांना अर्धांगाचा झटका आला. ते घरी बसले आणि मिलचा कारभार त्यांच्या मुलीकडे, गुंजनकडे गेला. गुंजन पुण्याला शिकून, तिथंच चार वर्षं नोकरी करून आली होती. कुंदानं तिला फ्रॉकमध्ये पोत्यांच्या थप्प्यांवर चढताना पाहिलं होतं, दोनदा पडताना झेललंही होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी कुंदानं "मॅडम" म्हटलं, तेव्हा गुंजननं तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुम्ही मला मॅडम म्हणालात तर मी परत पुण्याला जाईन."

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी गुंजननं मिलच्या ऑफिसात बायांसाठी हळदीकुंकू ठेवलं. असं तिथं कधी झालं नव्हतं. चौदाही बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलचा एकेक डबा मिळाला आणि मग गुंजन खुर्चीवर न बसता बायांच्यातच सतरंजीवर बसून बोलली.

"पुढच्या महिन्यात आपल्याकडे नवीन मशीन येतंय. कॅमेऱ्यानं डाळ पाहतं आणि खराब दाणा हवेच्या झोतानं उडवतं. तुम्ही घाबराल म्हणून आधीच सांगते. एकही बाई घरी जाणार नाही. आपण किलो-किलोची पाकिटं सुरू करतोय. निवडणीतून तुम्ही सगळ्या पॅकिंगमध्ये जाल. हा माझा शब्द आहे."

बायांनी गुंजनकडे पाहिलं आणि लगेच कुंदाकडे पाहिलं. त्यांची सवयच तशी होती.

निकिता नावाची एक तरणी सून होती, बारावी झालेली, कामाला लागून दोनच वर्षं झालेली. ती म्हणाली, "मॅडम, हे लेखी देता का?"

गुंजन काही बोलायच्या आत कुंदाच कडाडली. "निकिता! हळदीकुंकवाले आली ना तू? भगवानरावची पोरगी हाये ते. तिच्या शब्दाले कागद कायले पायजे?"

निकितानं वाणाचा डबा मांडीवर ओढला. गुंजननं कुंदाकडे पाहून मान हलवली. त्या नजरेनं कुंदाला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

मशीन आलं. पांढरं, कपाटाएवढं, समोर टीव्हीसारखा पडदा असलेलं. त्याच्याबरोबर कंपनीचा माणूस आला, देवीलाल नावाचा, हिंदी बोलणारा. त्यानं सांगितलं, की मशीनला अजून काही कळत नाही. खराब दाणे कसे असतात ते त्याला दाखवावं लागतं. एकेका प्रकारचे हजार-हजार दाणे वेगळे करून द्या.

बायांनी ते मन लावून केलं. कुंदानंच त्यांना लावून ठेवलं. डागी दाणे वेगळे, किडीनं पोखरलेले वेगळे, अर्धं टरफल राहिलेले वेगळे. ताटल्या भरून मशीनसमोर जायच्या, पडद्यावर दाणे मोठे होऊन दिसायचे आणि बाया वाकून वाकून पाहायच्या. लाखोळीपाशी मात्र मशीन अडलं. लाखोळीची डाळ स्वस्त आणि रंगानं तुरीसारखीच. व्यापारी तुरीत लाखोळी मिसळतात आणि ती सापडली तर मिलचं नाव खराब होतं. कॅमेरा तिला तूरच समजत होता.

तेव्हा कुंदानं बिजलीबाईला पुढे केलं.

बिजलीबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची, पन्नाशी ओलांडलेली, सगळ्यांत जुनी. ती मूठभर डाळ तळहातावर घ्यायची, अंगठा फिरवायची आणि लाखोळीचे दाणे खाली टाकत जायची. "लाखोळीले कोपरे असतात," ती देवीलालला म्हणाली. "तुरीची पाठ गोल. बोटाले समजते." देवीलालनं तिचे दाणे घेतले, रंगाऐवजी आकारावर सेटिंग केली आणि दोन दिवसांत मशीन लाखोळी उडवायला लागलं. गुंजननं टाळ्या वाजवल्या. बिजलीबाईनं तोंडाला पदर लावला.

बिजलीबाई बोटांनी का निवडते, ते एकट्या कुंदाला माहीत होतं. तीन वर्षांपासून तिला धुरकट दिसत होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनची तिला भीती वाटायची. एका दुपारी पाण्याच्या टाकीमागं तिनं कुंदाला सांगितलं होतं, "तुलेच सांगून राह्यली. माह्या पोरालेही मालूम नाई." कुंदानं तिला पट्ट्याच्या अशा टोकाला बसवलं, जिथं उजेड चांगला होता, आणि गोष्ट तिथंच ठेवली.

फेब्रुवारीच्या शेवटी गुंजननं कुंदाला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला.

"मावशी, आता पॅकिंगची मांडणी करायची. मला प्रत्येकीचं नीट लिहून हवंय. कोण काय करू शकते, कोणाला काय अडचण आहे, कोणाचं दुखणं, कोणाच्या सुट्ट्या. मोकळेपणानं लिहा. नाहीतर मी उभ्याच्या कामाला नेमकी गुडघे दुखणारी बाई लावीन आणि पाप माझ्या माथी येईल."

"तोंडानं सांगतो ना."

"लिहून द्या. माझ्याच ड्रॉवरमध्ये राहील."

कुंदा दहावीपर्यंत शिकली होती. दोन दिवस बसून तिनं चार फुलस्केप कागद लिहिले. अक्षर सुंदर येत नव्हतं म्हणून एक कागद पुन्हा लिहिला. बिजलीबाईच्या नावापाशी ती थांबली. लिहावं की नाही? पण पाकिटावरची तारीख वाचायचं काम बिजलीबाईला दिलं तर? चारचौघींत तिची फजिती होईल. म्हणून कुंदानं लिहिलं, 'दोन्ही डोळ्यांनी कमी दिसते. बारीक अक्षराचे काम देऊ नये. हाताने ओळखण्याचे काम फार चांगले करते.'

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी गुंजननं कुंदाला यवतमाळला पाठवलं. मशीन विकणाऱ्याच्या दुकानात ऑपरेटरचं एका दिवसाचं शिक्षण होतं. सोबत मिलचा कारकून भारत होता. मिलची जीप होती. वाटेत भारत फारसा बोलला नाही. कुंदाला वाटलं, त्याला गाडी लागत असेल.

दुकानात पोचल्या पोचल्या तिच्या गळ्यात ऑपरेटरचा बिल्ला अडकवला गेला. अकराच्या सुमाराला तिच्या फोनवर निकितानं पाठवलेला फोटो आला. मिलच्या फाटकावर चिकटवलेला कागद होता. कुंदानं तो बोटांनी मोठा केला. 'खालील कामगारांची निवडणी विभागातील सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे.' खाली अकरा नावं. प्रत्येक नावापुढे कारण.

कारणं वाचता वाचता तिला आपलंच अक्षर दिसायला लागलं. कागद टाईप केलेला होता, पण वाक्यं तिची होती. 'गुडघेदुखी, उभे राहता येत नाही.' 'घरगुती कारणाने वारंवार सुट्ट्या.' 'दम्याचा त्रास.' आणि चौथ्या ओळीवर बिजलीबाई राठोड: 'दोन्ही डोळ्यांनी कमी दिसते.' त्यापुढची दोन वाक्यं गाळली होती.

"भारत," तिनं विचारलं, "तुले मालूम होतं?"

भारतनं खाली पाहिलं. "ताई, टाईप मीच केलं. मॅडम म्हणे, कुंदाताईले त्या दिवशी बाहेर ठेवा लागन. नाईतर बाया तिच्याजवळ गोळा होतीन."

कुंदा जीपमध्ये बसली नाही. स्टँडवर जाऊन पुसदची एसटी धरली. सीटवर तिच्या शेजारी एक म्हातारी वांगी घेऊन बसली होती. तिनं दोनदा विचारलं, "बरं वाटत नाई का वं बाई?" कुंदाला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती. तिनं एक कागद अक्षर नीट यावं म्हणून पुन्हा लिहिला होता.

ती पोचली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. फाटक बंद. आत वॉचमन पूनमसिंग हातात काठी घेऊन उभा होता आणि कोणाच्याही डोळ्यांत पाहत नव्हता. बाया समोरच्या कडुनिंबाखाली बसल्या होत्या. डबे उघडलेले नव्हते. कुंदाला येताना पाहून त्या उठल्या. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यांवर हायसं वाटलेलं दिसलं. आली, आता ही बोलेल, असं. तेच कुंदाला सहन झालं नाही.

बिजलीबाई पुढे आली. निकितानं तिला कागद वाचून दाखवला होता.

"कुंदा, हे तू लिहलं का?"

बाया जवळ आल्या.

"हो," कुंदा म्हणाली. "मीच लिहलं. गुंजन म्हणे, तुमाले बरोबर जागी बसवाचं हाये, म्हून लिहून दे."

बिजलीबाई मागे जाऊन झाडाच्या पलीकडच्या अंगाला बसली, पाठ करून.

पूनमसिंगनं कुंदाला आत सोडलं. तिचं नाव कागदावर नव्हतं. गुंजन ऑफिसात होती. समोर लॅपटॉप उघडा होता, पण ती त्यात पाहत नव्हती.

"मावशी, बसा. तुम्ही आज येणार नव्हतात."

"म्हूनच आली."

"तुमची जागा मी राखली आहे. ऑपरेटर म्हणून. पगार वाढवून. तिघींना तुमच्या हाताखाली ठेवलंय. मी बाबांना सांगितलं होतं, काहीही झालं तरी कुंदामावशीला हात लावायचा नाही."

"पॅकिंग?"

गुंजननं लॅपटॉप मिटला. "पॅकिंग ठेकेदाराला दिलंय. त्याची माणसं येतील."

"कधी दिलं?"

"मावशी, अकोल्याच्या मिलांनी दोन वर्षांपूर्वीच ही मशीन लावलीत. आपण नसतं लावलं, तर पुढच्या वर्षी फाटकच बंद झालं असतं. मग चौदाही गेल्या असत्या, तुम्हीही."

"मी इचारलं, कधी दिलं?"

"दिवाळीत ठरलं होतं."

कुंदानं हिशेब केला. दिवाळी, मग संक्रांत. सतरंजीवर मांडी घालून बसलेली गुंजन. एकही बाई घरी जाणार नाही. ते बोलताना तिला माहीत होतं. तिळगूळ वाटतानाही माहीत होतं.

"मंग खोटं काहून बोलली?"

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी मशीनला शिकवलं असतं?" गुंजनचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मावशी, मला भीती वाटत होती. बाबा अंथरुणावर, बँकेचे लोक रोज दारात. चौदा बाया ओरडायला लागल्या असत्या तर मी काय केलं असतं? मला ते तुमच्यासारखं जमत नाही."

"ओरडल्या असत्या," कुंदा म्हणाली. "रडल्या असत्या. दोन दिवस काम बंद ठेवलं असतं. मंग तिसऱ्या दिवशी बसून इचार केला असता. कोण्या बाईले दुसरीकडं काम पाह्याले येळ भेटला असता. तुह्या बापानं पट्टा आणला तवा तीन महिने आधी सांगतलं होतं. त्यालेही भेव वाटतच होतं."

गुंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंदाला तिची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला.

"चाल," ती म्हणाली. "बाहेर चाल. आत्ता मले जे सांगतलं ते त्याइले सांग. मी तुह्या बाजूले उभी राहतो. कोणी अंगावर येणार नाई, हे मी पाहतो."

गुंजन खुर्चीतून अर्धवट उठली. खिडकीतून कडुनिंब दिसत होता, त्याखाली बाया दिसत होत्या. ती पुन्हा बसली.

"मला नाही जमणार, मावशी. भारत आला की तो सांगेल."

कुंदानं गळ्यातला ऑपरेटरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "येतो, मॅडम," ती म्हणाली. 

बाहेर येऊन कुंदानं बायांना सगळं सांगितलं. सगळं दिवाळीतच ठरलं होतं, पॅकिंग त्यांच्यासाठी कधीच नव्हतं, आणि निकितानं लेखी मागितलं तेव्हा आपणच तिचं तोंड बंद केलं. एकही गोष्ट तिनं मऊ करून सांगितली नाही. आपण नोकरी सोडून आलो, हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते पूनमसिंगनं नंतर सांगितलं.

कोणी तिला शिव्या दिल्या नाहीत. दोघी-तिघी डबे उचलून निघून गेल्या. जिच्या दम्याचं तिनं लिहिलं होतं, ती बाई एवढंच म्हणाली, "आता मले कोण ठेवीन वं? समद्या पुसदनं वाचलं." निकिता कुंदाजवळ आली. तिला खूप बोलायचं होतं, तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. पण ती म्हणाली, "मावशी, पाणी पी."

पुढच्या आठवड्यात कुंदा घरोघर गेली. नवरा म्हणत होता, "कायले जाऊन राह्यली? तू थोडीच काढलं त्याइले." तरी गेली. काही घरी चहा मिळाला. दोन घरी ती दारातच उभी राहिली आणि दारातूनच परतली. मिलमधून भारत तीनदा बोलवायला आला. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं, की मशीन चांगलं चालून राह्यलं, लाखोळीचा एक दाणा सोडत नाही. सांगून झाल्यावर आपण हे कशाला सांगितलं, असं त्यालाच वाटलं असावं. चहा अर्धा ठेवून तो गेला.

तांड्यावर ती सगळ्यांत शेवटी गेली. बिजलीबाई ओट्यावर गवार मोडत बसली होती. तिचा मुलगा डोंगरसिंग घरातच होता. त्याला आता आईच्या डोळ्यांचं कळलं होतं आणि त्यानं तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीखही घेतली होती. त्यानं कुंदाला खाट टाकून दिली. "याडी, कुंदामावशी आली," आईला म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला.

कुंदानं मनात जुळवून आणलेलं बोलणं बोलून टाकलं. तुझ्या भल्यासाठीच लिहिलं होतं. पुढं चांगलंही लिहिलं होतं, ते त्यांनी गाळलं. मलाही फसवलं.

बिजलीबाई शेंगा मोडत राहिली.

"तुले फसवलं, हे मले मालूम हाये," ती शेवटी म्हणाली. "तू लिहलं तेही खरंच होतं. पण ते माह्यं होतं, कुंदा. एक गोट माह्याजवळ होती, तेवढी मी तुले देल्ली होती. तू ते मले न इचारता पुढं देऊन टाकली. मले इचारलं असतं तर मी नाई म्हटलं असतं. म्हूनच तू इचारलं नाई."

कुंदाला वाटलं, हे खोटं आहे. मग वाटलं, खोटं नाही. कागदावर त्या नावापाशी ती थांबली होती. तेव्हा उठून तांड्यापर्यंत यायला तिला किती वेळ लागला असता?

ती उठली तेव्हा बिजलीबाईनं "ये पुन्हा" म्हटलं नाही.

मे महिन्यात बाजार समितीजवळच्या एका छोट्या धान्य-सफाई केंद्रात निकितानं काम मिळवलं. हरभरा आणि सोयाबीनचं बियाणं हातानं निवडायचं होतं. मालकाशी ती एकटीच बोलली. काम किती महिने आहे, नंतर काय, हे विचारून त्याच्याकडून वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि ते पान बायांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "सहा महिने पक्के. पुढचं त्यालेही मालूम नाई अन् मलेही नाई. ज्याइले चालन त्याइनं या." सात जणी आल्या. त्यातली सातवी बिजलीबाई, ऑपरेशन झाल्यावर आली. आठवी कुंदा.

मुकादम निकिता होती. कुंदा रांगेत बसायची. पहिल्या दिवशी तिचे हात जुन्या सवयीनं शेजारणीचं सूप सरळ करायला गेले, ते तिनं मागं घेतले. बिजलीबाई दोन पाट सोडून बसायची. आता तिला स्वच्छ दिसत होतं, तरी ती बोटांनीच निवडायची. ती कुंदाशी बोलत नव्हती. कुंदानंही वाट पाहायचं हळूहळू सोडून दिलं. कोणीतरी डब्यातली भाजी पुढं सरकवायचं, ती दोघींच्याही समोरून जायची, एवढंच.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक बाई कामात मागं पडायला लागली. तिचं का ते कुंदाला माहीत होतं. त्या बाईनंच इथल्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन सांगितलं होतं, कुंदानं न विचारता. माणसं तिला अजून सांगत होती, याचं कुंदालाच नवल वाटलं.

दुपारी निकिता कुंदाच्या बाजूला उकिडवी बसली. "मावशी, ते काहून अशी करून राह्यली? तुले मालूम असन. मले सांग, म्हणजे मी तिले हलकं काम देतो."

निकिताच्या मनात वाईट काही नव्हतं. कुंदानं सुपातला हरभरा एकदा पाखडला.

"तिलेच इचार," ती म्हणाली.